हुबेहूब काकीचा सोन्या

हुबेहूब काकी बघू लागली की समोरच्याला उगाचच पदर नाहीतर कॉलर सावरावीशी वाटायची. तिची नजर वाईट नव्हती, ती फक्त माप घ्यायची. आटगावाजवळच्या आमच्या गावात गौरीचा मुखवटा रंगवायचा असो की रुखवतातली बाहुली करायची असो, काकीला बोलावणं जायचंच. काम झालं की दोन पावलं मागे सरकून ती स्वतःच म्हणायची, "हुबेहूब!" तिचं खरं नाव आता कुणी घेत नाही.

केक ती मोबाईलवर बघून शिकली, तोही माझ्या मोबाईलवर, माझा डेटा संपवून. पहिले केक आमच्या कुत्र्यानंही नुसते हुंगून सोडले. पण वर्षभरात शहापूरपर्यंत तिचं नाव झालं. कुणाला ट्रॅक्टर, कुणाला एसटी. "गोल केक कोनी पन करील," ती म्हणायची, "माझा केक वळखू आला पायजे."

जनाकाकू तिची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या. जनाकाकूची मुलं कल्याणला, घरी सोबत सोन्या बैलाची. पॉवर टिलर आला तरी तिनं त्याला विकलं नाही. तिच्या पन्नाशीला काकीनं सोन्याचाच केक करायचं ठरवलं. त्यासाठी ती रोज संध्याकाळी गोठ्याच्या दारात जाऊन बसायची. जनाकाकूला वाटायचं, आपल्याशी गप्पा मारायला येते.

केक खरंच सोन्या होता. रवंथ करत बसलेला, कपाळावर पांढरा ठिपका, डावं शिंग किंचित आत वळलेलं. झाकण काढताच अंगणात टाळ्या पडल्या. मी तर शिट्टी मारली. मग कुणीतरी जनाकाकूच्या हातात सुरी दिली.

सुरी लावायची कुठे? मानेला? पोळ्याला ज्याला ओवाळायचं, त्याला?

जनाकाकूनं सुरी खाली ठेवली. "मी नाय कापायची गो. माझा सोन्या हाय तो." तिचे डोळे भरून आले.

इतकं बारीक बघणाऱ्या काकीला एवढं दिसलं नव्हतं. आम्हाला तरी कुठे सुचलं होतं! मला त्या शिट्टीची इतकी लाज वाटली की मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात उन्हाळ्याचे दिवस. क्रीम पाझरू लागलं. आधी शिंग कललं, मग सगळ्यांदेखत मान खाली आली. काकीनं धावत जाऊन त्याच्यावर टॉवेल टाकला, ताट उचललं आणि ती मागच्या वाटेनं घरी गेली.

त्यानंतर ती जनाकाकूच्या दारावरून जाईना. नळावर गाठ पडली तर अर्धाच हंडा घेऊन निघायची. केक सांगायला कुणी आलं तर म्हणायची, "गोल करीन, दुसरा नाय."

पोळ्याला आमच्याकडे बैल घरोघर नेतात. काकी पुरणपोळी घेऊन दाराआड उभी होती. सोन्या आपल्या दारी येईल का, हे मला विचारायचीही तिला चोरी झाली होती. घुंगरांचा आवाज आला आणि दारापुढे थांबला.

"भायेर ये गो," जनाकाकूची हाक आली. "याला भूक लागलीय."

काकी बाहेर आली. "त्याला सांग गो, मी त्याला सुरी नाय लावली."

"त्याला ठावं हाय. तू लाव कुंकू."

काकीनं कुंकवाचं बोट पुढे केलं, पण तिची नजर सोन्याच्या खुरांवरून वर येईना. कपाळावरचा तो पांढरा ठिपका केकवर अचूक काढणाऱ्या काकीचं कुंकू त्या दिवशी सोन्याच्या डोळ्याखाली लागलं.