मुंगी चावेल एवढंच

माझ्या मुलीच्या लघवीच्या पिशवीची तपासणी नौपाड्यातल्या एका दवाखान्यात होते. तिथल्या सिस्टरचं नाव मी अजून विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

बाई ठेंगणी, चष्मा कपाळावर आणि हात कायम काखेत. मुलांना गार हात लागू नयेत म्हणून ती ते उबवत असते. पहिल्या वेळी मी मुलीला म्हटलेलं, "मुंगी चावेल एवढंच." तर ही माझ्यादेखत म्हणाली, "मुंगी नाही गं. नळी घालताना चांगलं दुखेल. तू ओरड, मी थांबेन." मला असा राग आला! पण मुलगी ओरडली आणि ती खरंच थांबली. तेव्हापासून मुलगी हात धरते तो तिचाच.

यावेळी नळीतून पाणी सोडून पिशवी भरली. आता तिथेच शू करून दाखवायची होती, पण सगळ्यांसमोर होईना. तान्ही असताना व्हायची तशी होईल म्हणून मी "शूऽऽ, शूऽऽ" करत राहिले. ती रडायलाच लागली. सिस्टरने नळ बारीक सोडला, आमच्याकडे पाठ केली आणि भिंतीला सांगू लागली, "सुनेने डब्यात आज परत दुधी दिलाय." मुलगी रडता रडता हसली आणि झाली मोकळी. मी मात्र जळून गेले.

परवा डोंबिवलीत घरी मुलगी बाहुलीला तपासत होती. हात काखेत, कपाळावर माझा चष्मा.

"दुखेल गं. तू ओरड."

मी विचारलं, "आणि मी कोण?"

"तू मुंगीवाली आई," ती म्हणाली. "तू बाहेर बस."