अंगठेबाईंचं कोपर

मालीश केंद्रात त्यांना सगळे अंगठेबाई म्हणत. पाठीवर तेलाचा हात फिरवता फिरवता त्यांचा अंगठा मध्येच थबकायचा, जरासा सरकायचा आणि नेमका दुखऱ्या जागी जाऊन बसायचा. ‘कुठे दुखतंय?’ असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. विचारणं त्यांना कमीपणाचं वाटे. टेबलावर पालथी पडलेली बाई “तिथेच, अगदी तिथेच!” म्हणून कण्हली, की त्या गालातल्या गालात हसत.

तोच उजवा अंगठा दगा देऊन बसला. आधी सकाळचा नुसता आखडायचा. मग बाटलीचं झाकण फिरवताना मुळाशी कळ येऊ लागली. अंगठेबाईंनी कुणाजवळ ब्र काढला नाही. डाव्यावर भार टाकून काम रेटलं, तर काही दिवसांनी तोही कुरकुरायला लागला. शेवटी एका गिऱ्हाइकाची मान सोडवताना अशी कळ गेली, की तेलाची वाटी हातातून निसटली आणि धुवट चादरीवर लांबलचक ओघळ गेला. बाई दचकून उठून बसली.

“तुम्हालाच बरं नाही का हो?” तिने विचारलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. “अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजलाय. दोन्ही हातांचा. शेक घ्या, पट्टा बांधा, दुखणं कमी होईल. पण झिजलंय ते भरून येणार नाही. आता अंगठ्यांनी दाबणं बंद.”

“अंगठ्यांनी बंद,” अंगठेबाई म्हणाल्या. “बाकीच्या हाताने चालेल ना?”

डॉक्टरीणबाईंना हसू आलं. “मनगट वाकवायचं नाही आणि दुखलं की थांबायचं. एवढं पाळणार असाल तर माझी ना नाही.”

केंद्राच्या मालकीणबाईंनी त्यांना काउंटरवर बसवलं. फोन घ्यायचे, लोकांना वेळा द्यायच्या, टॉवेलच्या घड्या घालायच्या. मालकीणबाई हे मायेनंच बोलल्या, पण अंगठेबाईंची नजर आपल्या टेबलाकडे गेली. “बसते थोडे दिवस,” त्या म्हणाल्या, “पण माझं टेबल कुणाला देऊ नका.”

घरी त्यांनी यजमानांना धरलं. यजमान निवृत्त बसचालक. जन्मभर स्टिअरिंग धरून त्यांची पाठ लाकडासारखी झालेली.

“अहो, जरा पालथे व्हा.”

“कशाला?” म्हणेपर्यंत अंगठेबाईंचं कोपर पाठीत रुतलं होतं.

“अगं आई गं! पाठ आहे ती, भिंत नव्हे!” यजमान ओरडले. दुसऱ्या दिवशी तिथे चांगला निळा डाग उठला आणि तिसऱ्या दिवशी ते चहा घेतल्या घेतल्या चपला घालून फिरायला पसार झाले.

मग अंगठेबाईंनी टोमॅटो घेतले. चांगला पिकलेला टोमॅटो टेबलावर ठेवायचा, वर दुमडलेला टॉवेल टाकायचा आणि त्यावर हात असा टेकवायचा, की टोमॅटो नुसता दबला पाहिजे, फुटता कामा नये. पहिल्याच दिवशी टॉवेल लाल झाला. चूक त्यांच्या लवकर ध्यानात आली. त्या खांद्यातून जोर लावत होत्या. तसं न करता पाय रोवून, गुडघे जरा वाकवून अंगाचं वजन हळूहळू हातात सोडायला हवं होतं. टोकदार कोपर बाजूला ठेवून त्याच्या अलीकडचा मांसल भाग टेकवला तर दाब पसरतो, हेही कळलं. टोमॅटो फुटतच होते. यजमान रोज ताटात बघून विचारत, “आजचे शहीद किती?” पण अंगठेबाईंनी हट्ट सोडला नाही. टॉवेल कोरडा राहायला लागला तेव्हा यजमान आपण होऊन पालथे झाले. तरीही डोळे मात्र घट्ट मिटून.

धाकटी जाऊ शिवणकाम करायची. मशीनवर वाकून वाकून तिचा उजवा खांदा असा धरला, की वेणीसुद्धा मुलीकडून घालून घ्यावी लागे. ती केंद्रात आली ती थेट काउंटरपाशी. “ताई, मला दुसरं कुणी नको. तुम्हीच.”

अंगठेबाई उठल्या. कितीतरी दिवसांनी आपल्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. तेल कोमट करून पाठीला लावलं आणि खांद्याच्या पात्याच्या कडेला हात टेकवून वजन सोडलं.

“ताई, हाड आहे ते!”

त्यांनी हात उचलला. कानशिलं तापली. टॉवेलखाली टोमॅटो कुठे आहे ते त्यांना ठाऊक असायचं. गाठ कुठे आहे ते अंगठा सांगायचा. कोपराला त्यातलं काहीच कळत नव्हतं. शेजारच्या टेबलावर मालीश करणारी तरुण मुलगी मोकळीच होती. तिला हाक मारली की प्रश्न मिटला असता. अंगठेबाई जावेच्या कानाशी वाकल्या.

“कुठे दुखतंय, सांग.”

जावेनं मान उचलून बघितलं. “तुम्ही मला विचारताय?”

“हो, तुलाच. बोल पटपट.”

तोंडाचा पट्टा ही जावेची खासियत, तो सुटला. “वर. अजून वर. तिकडे नाही हो, मणक्याच्या बाजूला. हां!” अंगठेबाई ऐकत गेल्या, हात सरकवत गेल्या. शब्द थांबले तेव्हा त्यांनी श्वासाकडे कान लावला. श्वास अडला की त्या थांबत, सुटला की आणखी थोडं वजन सोडत. कपाळावरचा घाम त्यांनी खांद्यालाच पुसला. बऱ्याच वेळाने पात्याखालचं काहीतरी सैल पडलं आणि जावेचा हात टेबलाच्या कडेवरून अलगद खाली लोंबला.

जाऊ उठून बसली. हात हळूहळू वर नेत तिने केसांपर्यंत पोचवला. “अंगठ्याची मजा नाही आली,” ती म्हणाली. तिला खोटं बोलता येत नसे. “पण हात वर जातोय, ताई.”

अंगठेबाईंनी हे दोन्ही ऐकलं आणि दोन्ही खरंच होतं.

त्या टेबलावर परत आल्या. जुनी काही गिऱ्हाइकं अंगठाच हवा म्हणून दुसरीकडे गेली. त्याचं त्यांना वाईट वाटलं. मान, तळहात, जबडा अशी नाजूक कामं त्यांनी तरुण मुलीकडे सोपवली, आणि ती अंगठा वाकवून दाबायला लागली की लांबूनच ओरडत, “सरळ ठेव! माझ्यासारखी वेळ आणू नकोस.” पाठ, मांड्या, पोटऱ्या मात्र त्यांच्या. त्यात वाटणी नाही.

परवा एक बँकेतली बाई मान चोळत आली. “अंगठेबाई तुम्हीच ना? माझ्या मानेचं काहीतरी करा.”

“मानेला ती मुलगी बघेल, तिचा हात छान आहे,” अंगठेबाई बाह्या वर सारत म्हणाल्या. “तिचं झालं की पाठ घेऊन माझ्याकडे या. आणि येताना तोंड बंद ठेवू नका, कुठे दुखतंय ते मला सांगावं लागतं.”