पायी चालीचा कार्बोरेटर

नंदनवन वस्तीतल्या नत्थू मिस्त्रीचं म्हणणं साधं होतं. इंजिनाची भूक जेवढी, तेवढाच तिला हवा-पेट्रोल पाजणारा कार्बोरेटर बसवावा. पण हे शहाणपण त्याच्या जिवलग दोस्ताच्या, बळीरामच्या, गळी कधी उतरलं नाही. बळीरामनं मिलिटरीच्या लिलावातून पेट्रोलवरचा ट्रक उचलला, त्यातून तीस वर्षं कळमना मार्केटातली संत्री वाहिली आणि हट्टानं त्यावर भला मोठा कार्बोरेटर चढवून घेतला. मोकळ्या रस्त्यावर गाडी वाऱ्याशी बोलायची. चाल हळू झाली की मात्र त्या मोठ्या गळ्यात हवेचा जोर मरायचा, पेट्रोल उचललं जायचं नाही, आणि गणपतीच्या मिरवणुकीत दरवर्षी ती दोनदा तरी बंद पडायची. बळीराम खिडकीतून डोकं काढून म्हणायचा, "ढकला गा, देवाचं काम आहे." नत्थू शिव्या देत ढकलायचा.

या उन्हाळ्यात बळीरामच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी हात टेकले. घरच्यांनी त्याला अल्सर सांगितला, दिवाळीपर्यंत बरा होशील म्हणाले, आणि त्यानं ते खरं मानलं. भेटायला आलेल्या नत्थूला तो म्हणाला, "उभी राहून राहून गाडीचा कार्बोरेटर गेला. दुसरा पाहून ठेव. बरा झालो का उमरेडले पोरीकडे जातो, मी स्वतः चालवत."

दारापर्यंत पोचवायला आलेली त्याची बायको अनुसया आवाज खाली घेऊन म्हणाली, "भाऊजी, यायनं मले मागंच सांगून ठेवलं हाये, मेलो तर माह्याच गाडीतून नेजो. रस्त्यात बंद नाही पडली पाहिजे."

नत्थूकडे दोन कार्बोरेटर होते. एक मोठा, उमरेडच्या रस्त्यावर पळवायला बरा. दुसरा जुन्या जीपचा, लहान. त्याच्यानं गाडीत जोर येत नाही, पण पायी चालणाऱ्या माणसांबरोबर ती न थांबता चालते. उभ्या आयुष्यात माप ठरवायला त्याला कधी दहा मिनिटं लागली नव्हती. आज तो दुपारभर त्या दोन डब्यांपुढे बसून राहिला. मोठा हातात घेतला की स्वतःला फसवल्यासारखं व्हायचं, लहान घेतला की दोस्ताला आपणच मारतोय असं वाटायचं. शेवटी त्यानं लहान उचलला. सत्तरीचा गडी, पोरासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी बळीरामच्या दारात त्यानं तो बसवला, आतले पेट्रोल सोडणारे बारीक जेट बदलले, आणि गल्लीत पहिल्या गिअरमध्ये दोन फेऱ्या मारल्या. इंजिन कुठं अडखळेना. इथंच तो चुकला. काम जमलं की ते मालकाला ऐकवायचं, ही त्याची पन्नास वर्षांची खोड. खिडकीशी खाटेवर पडलेल्या बळीरामला हा आवाज काय सांगेल, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. गाडी चालू ठेवून तो हात पुसत आत गेला, "कशी वाटते गा?"

बळीरामनं डोळे मिटून बराच वेळ ऐकलं.

"लहान लावला?"

"मोठा भेटला नाही," नत्थू खोटं बोलला.

"याच्यानं उमरेड नाही होत, नत्थू. ही तं माणसाच्या पायानं चालून राहिली."

पन्नास वर्षं गाड्या हाकलेल्या माणसाला फक्त आवाजावरून सगळं कळलं होतं. स्वयंपाकघरातून अनुसयाच्या कपबशांचा आवाज आला, तसा बळीरामनं त्याचा हात घट्ट धरला.

"मले समजलं, हे तिले सांगू नको. ते अजून दिवाळीचंच बोलून राहिली."

त्यानंतर सोळाव्या दिवशी बळीरामला शेवटचं घेऊन गाडी गंगाबाई घाटाच्या स्मशानाकडे निघाली. पुढं माणसं पायी चालत होती आणि स्टीअरिंगवर नत्थू होता. सिग्नल, खड्डे, भाजीवाल्यांची गर्दी, इंजिन कुठंच थांबलं नाही. मिस्त्रीनं काम चोख केलं, असं बाजूनं चालणारे एकमेकांना सांगत होते. नत्थू मात्र वाटभर गाडीला मनातल्या मनात विनवत होता, बाई, एकदा तरी बंद पड, तेवढीच दोन मिनिटं अजून तो माझ्यासोबत राहील.

गाडीनं ऐकलं नाही. ती एकसारखी चालत घाटावर पोचली.