डायनिंग टेबलावरचा वेतन विभाग

पुण्यातली नोकरी सोडून मी भिलाईला परत आले, तेव्हा बाबांनी एकच प्रश्न विचारला. "पगार कोनत्या तारखेले होईन?"

मी त्यांना समजावून सांगितलं, की आता मी नोकरी करणार नाही, नोकऱ्या लावून देणार. कारखान्यांना माणसं लागतात, माणसांना कारखाने लागतात. मी दोघांची गाठ घालून द्यायची आणि माणूस कामावर रुजू झाला की त्याच्या एका महिन्याच्या पगाराएवढी फी कारखान्याकडून घ्यायची. माणसाकडून एक पैसा नाही. पुण्यात एका कंपनीसाठी हेच करत होते, आता स्वतःसाठी करेन.

बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "ते समजलं," ते म्हणाले. "तारीख कोनती?"

यात त्यांचा दोष नव्हता. भिलाईच्या पोलाद प्लांटच्या वेतन विभागात, रिटायर होईपर्यंत, त्यांची अख्खी नोकरी झाली. आमच्या गावात किराणावाला, दूधवाला, शिकवणीवाला सगळे त्या एका तारखेकडे डोळे लावून बसतात, आणि बाबा ती तारीख पाळणाऱ्यांपैकी होते. त्यांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची. ज्यांचा पगार होतो ती, आणि ज्यांची काळजी वाटते ती. मी दुसऱ्या प्रकारात गेले होते. आईला मात्र धंदा लगेच कळला. "म्हंजे लगन जमवनाऱ्या मामीसारखं," ती म्हणाली. "तिले साडी भेटते, तुले पैसे भेटन."

शेवटी तोडगा निघाला. दिवाळीपर्यंत बाबा काही बोलणार नाहीत. तोवर धंद्याची घडी बसली नाही, तर समोर येईल ती पहिली पक्की नोकरी मी मुकाट्यानं घ्यायची. मी हो म्हटलं. मी सगळ्यालाच हो म्हणते, आणि या धंद्यात त्याच्यासारखा दुसरा रोग नाही.

माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे औद्योगिक भागातला एक फॅब्रिकेशनचा कारखानदार. सगळे त्यांना शेठ म्हणतात, मीही म्हणते. त्यांना मालाची तपासणी करणारा एक इंजिनियर हवा होता. मी ताठ बसून एका महिन्याच्या पगाराची फी सांगितली. शेठनी चहा मागवला. मग लोखंडाचे पडलेले भाव सांगितले, दुसरा चहा मागवला, गुडघेदुखी सांगितली, मुलीच्या कोचिंगची फी सांगितली. तिसऱ्या चहाला मी निम्म्यावर आले होते. उठेपर्यंत हेही कबूल करून बसले, की माणूस तीन महिन्यांच्या आत पळाला तर मला दमडी मिळणार नाही आणि बदली माणूस मी फुकट आणून देईन. जिना उतरताना मला शेठची फार कीव येत होती. खाली त्यांची नवी गाडी उभी होती, तिच्या बाजूनं वाट काढत मी माझ्या स्कूटीपर्यंत गेले.

इंजिनियर वर्ध्याकडचा होता. तीन महिने मी त्याला घरजावयासारखं सांभाळलं. बोरसी भागात खोली बघून दिली. मेसचं वरण त्याला पातळ लागलं, म्हणून आईनं डबा सुरू केला. डास चावतात म्हणाला, मच्छरदाणी नेऊन दिली. एकदा त्यानं फोनवर नुसता सुस्कारा सोडला, तर मी घाबरून त्याला आईस्क्रीम खायला घेऊन गेले. कारण तो गेला असता तर माझी फी गेली असती. तो राहिला. फी आली. डबा, मच्छरदाणी आणि आईस्क्रीम वजा जाता जे उरलं, त्याचं मी कॉफीचं यंत्र घेतलं. स्वतंत्र व्यावसायिक बाईच्या टेबलावर असं काहीतरी असावं असं मला वाटलं होतं. त्याच महिन्याच्या वीस तारखेला मी बाबांकडे पेट्रोलला पैसे मागितले.

दिवाळीपर्यंतचा शब्द होता. त्यांनी पैसे दिले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी डायनिंग टेबल भिंतीला लागलेलं होतं. त्यावर कॅल्क्युलेटर, पंचिंग मशीन आणि टाचण्यांची डबी मांडली होती, आणि बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते.

"तुले धंदा येते, पैसा सांभाळता येत नाई," ते म्हणाले. "मले पैसा सांभाळता येते, धंदा येत नाई. जे काही फी येईन, ते एका खात्यात टाकायची. त्यातून मी तुले पगार देईन. एक तारखेले."

"बाबा, माझेच पैसे मलाच पगार म्हणून?"

"मंग प्लांट काय दुसऱ्याचे देते?"

मी नेहमीप्रमाणे हो म्हटलं.

पहिल्या पगारातून भविष्य निधी कापला गेला, तो पोस्टात माझ्या नावानं जमा झाला. मग विजेची कपात, मग घरभाडं, मग कॅन्टीन. "कॅन्टीन" हा शब्द आईच्या कानावर पडला आणि ती पळी घेऊनच बाहेर आली. जेवणाचे पैसे पोरीच्या पगारातून कापता, तर ते जातात कुठं? बाबा म्हणाले, ते महामंडळाच्या, म्हणजे त्या फीच्याच खात्यात जातात. दुसऱ्या दिवशी चूल बंद. आई टीव्ही पाहत बसली आणि आम्ही बापलेक नेहरू नगरच्या कोपऱ्यावर समोसे खाऊन आलो. संध्याकाळी पहिला करार झाला. कॅन्टीनची कपात थेट आईला, शिवाय दिवाळीला बोनस.

एकदा मी दहा वाजेपर्यंत झोपले, तर अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा लागली. मी भांडले. आदल्या रात्री एका उमेदवाराशी, त्याची ड्यूटी सुटल्यावर, तासभर फोनवर बोलत होते. "ओव्हरटाइमची परवानगी घेतली होती का?" बाबांनी विचारलं. ताप आला तेव्हा डॉक्टरचा दाखला मागितला, आईनं तो वहीच्या पानावर लिहून दिला: पोरीला ताप आहे, जास्त बोलायचं नाही.

मला राग यायचा, खरंच यायचा. तिशी उलटलेली बाई मी, आणि केस धुवायला उशीर झाला तर खुलासा द्यायचा. पण एक तारखेला बरोबर नऊ वाजता मोबाइल वाजायचा आणि टेबलाकडून हाक यायची, "आला का?" ज्या महिन्यात एकही फी आली नाही, त्या महिन्यातही पगार झाला, कारण आधीच्या बऱ्या महिन्यातलं बाबांनी बाजूला ठेवलं होतं. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही, त्यांनी त्याचंही परिपत्रक काढलं असतं.

दिवाळी जवळ येत होती, आणि शेठना एक सुपरवायझर हवा होता. फोनवर त्यांनी पुन्हा गुडघ्यापासून सुरुवात केली. मी पाघळायला लागले होते, जीभ "चालेल" म्हणायच्या बेतात होती. समोर बाबा लसूण सोलत बसलेले दिसले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅनेजमेंट से पूछना पड़ेगा."

शेठचं गुडघ्याचं तिथंच राहिलं. "कौन मॅनेजमेंट?"

"हैं. सीनियर हैं."

मी फोन ठेवून बाबांना सांगितलं, शेठ निम्म्यावर अडलेत, काय करू? दुसऱ्या कुणी लगेच हो किंवा नाही म्हटलं असतं. बाबा म्हणाले, "पुट अप कर."

म्हणजे कागदावर लिहून आणायचं. मी चार ओळी लिहून दिल्या. त्यांनी समासात शेरा मारला, 'मागील दर जोडावे.' मी जोडले. शेरा आला, 'चर्चा करावी.' आम्ही दोघं एकाच टेबलावर बसलो होतो, तरी चर्चा दुपारी ठरली, कारण सकाळी ते कपातींमध्ये होते. दुपारी आईनं त्यांना गहू दळायला पाठवलं. मग शनिवार आला, रविवार आला. सोमवारी बाबा पासबुक भरून घ्यायला बँकेत गेले.

इकडे शेठचे फोन सुरू झाले. मी खरं तेच सांगत होते, "फाइल अंदर है." शनिवारी ते पाऊण महिन्याच्या पगारावर आले. सोमवारी पूर्ण. मंगळवारी म्हणाले, मॅडम, पूर्ण घ्या, आणि फी तीन महिन्यांनी नाही, एकाच महिन्यात देतो, पण माणूस दुसऱ्या कारखान्याला देऊ नका. गुरुवारी बाबांनी सही केली. मी 'मंजूर' म्हणून कळवलं, तर शेठनी माझे आभार मानले. आणि बाबांना वाटाघाटी कशाशी खातात हेसुद्धा माहीत नव्हतं. त्यांनी फक्त फाइल पुढे सरकवली, आणि तीही नेहमीच्याच वेगानं.

त्यानंतर मी एकही फी स्वतः ठरवली नाही. गिऱ्हाइकं वाढली. मॅनेजमेंट फार कडक आहे अशी बातमी त्या भागात पसरली. बाबा सकाळी आंघोळ करून नऊच्या आत टेबलावर हजर असायचे आणि मला विचारायचे, "काई पेंडिंग?"

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात शेठचा फोन आला. त्यांना मॅनेजमेंटला भेटायचं होतं, घरी येतो म्हणाले. बाबांनी पँट-शर्ट घातला, पट्टा लावला आणि घरात बूट घालून बसले. आई म्हणाली, "फरशी आत्ताच पुसली ना बाप्पा!" पण त्यांनी बूट काढले नाहीत.

शेठनी सोफ्यावर बसून बाबांकडे पाहिलं, मग टेबलाकडे पाहिलं, मग समोर ठेवलेल्या चिवड्याकडे वळले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. त्यांना आता कायमचं कुणीतरी हवं होतं, जे कारखान्याची सगळी माणसं पाहील. दरवेळी फी देण्यापेक्षा मलाच ठेवून घेतलेलं बरं. पगार त्यांनी सांगितला, तो चांगला होता.

दिवाळी तोंडावर होती, आणि शब्द मी दिला होता. समोर येईल ती पहिली पक्की नोकरी. ती पायातल्या चपला दारात काढून आमच्या सोफ्यावर येऊन बसली होती.

बाबा पुढे सरकून बसले. त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. पगार कोणत्या तारखेला? शेठ म्हणाले, एक. भविष्य निधी? हो. ग्रॅच्युइटी? हो. आईवडिलांना दवाखाना? तोही देऊ, साहेब. बाबा दर उत्तराला मान हलवत होते. त्यांनी माझ्यासाठी मागितलं असतं ते सगळं एका माणसानं घरी आणून दिलं होतं. मी खिडकीबाहेर पाहत बसले. शेठच्या कारखान्यातला तिसरा चहा मला आत्ताच दिसायला लागला होता.

"ठीक है," बाबा म्हणाले. "और हमारी फी?"

शेठ हसले. बाबा हसले नाहीत.

"हमारी एक ही कर्मचारी है," बाबा म्हणाले. "वो जाएगी तो हमारा काम बंद. पूरे साल की तनख्वाह, अॅडव्हान्स में. और तीन महीने में छोड़ दिया, तो वापसी नहीं."

"साहब, वो तो आपकी बेटी है!"

"घर में बेटी है. नौ से साढ़े पाँच कर्मचारी है."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी कर्मचाऱ्यासारखी खाली मान घालून बसले. त्यांनी गुडघा चोळायला घेतला, लोखंडाच्या भावाचं काढलं. बाबा ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, की लेखी प्रस्ताव पाठवा, विचार करू. शेठनी चिवडा संपवला, आईला नमस्कार केला, आणि दारात चपला घालता घालता दोन फिटर पाहून ठेवायला सांगितलं. पूर्ण दरानं.

गाडी वळेपर्यंत मी दारात थांबले. मग आत येऊन बाबांच्या समोर उभी राहिले. मला हायसं वाटत होतं आणि काही कळतही नव्हतं.

"बाबा, पक्की नोकरी तुमालेच पाहिजे होती ना माही?"

"हाव, पाहिजे होती."

"लागून राहिली होती ना आत्ता. मंग कावून घालवली?"

ते वाकून बुटाची नाडी सोडत होते.

"रिटायर झालो तवापासून," ते खालीच बघत म्हणाले, "सकाळी नऊ वाजले का मले कोनी काईच विचारत नव्हतं. तुही आई भाजीबी विचारत नाई, करून टाकते. पेपर किती वाचशीन? आता रोज कोनी ना कोनी अडून राहते माह्यापाशी." दुसऱ्या बुटाला हात घालून ते थांबले. "तुले नोकरी लागली का माही जाते ना."

सहा महिने मी समजत होते, की बाबांनी मला कामावर ठेवलंय. त्यांच्या शेजारी फरशीवर बसून मी दुसरी नाडी सोडली, तिची निरगाठ बसली होती.

"तुमाले कोनी काढत नाई, बाबा," मी म्हणाले.

"लेखी दे," ते म्हणाले.