एक शब्द न बदलता

नायगावच्या आमच्या सोसायटीत महिन्यातल्या एका रविवारी दुपारी हॉलचे पडदे ओढले जातात, परदेशी सिनेमा लागतो आणि त्यातली यच्चयावत माणसं माझ्या आवाजात मराठी बोलतात. पडद्यावर खाली उमटणारं इंग्रजी वाचायला आमच्या ज्येष्ठांच्या डोळ्यांना वेळ पुरत नाही. म्हणून मूळ आवाज बारीक ठेवायचा आणि माईक घेऊन मी शेजारी उभा. नायिका मी, खलनायक मी, कुत्रा असला तर तोही मीच.

शिवाय मी थोडी भर घालतो. थोडी म्हणजे किती, यावर मतभेद आहेत. एका फ्रेंच सिनेमात नायकाच्या घरी लग्नाशिवाय राहणारी बाई पुढच्या रांगेतल्या आज्यांना झेपणार नाही, म्हणून मी तिला त्याची मावसबहीण केली. शेवटी दोघांचं लग्न लागलं तेव्हा हॉलमध्ये जो हाहाकार उडाला, तो मूळ दिग्दर्शकाला उभ्या जन्मात साधला नसता. तेव्हापासून लोक सिनेमा बघायला कमी आणि मी काय घुसडतो ते पकडायला जास्त येतात. "खरंच असं म्हणाला का रे?" असं कोणीतरी विचारतं, मी छातीवर हात ठेवून "देवाशपथ" म्हणतो आणि हॉल हसतो. हा आमचा ठरलेला खेळ.

माझा मोठा भाऊ शेजारच्या विंगमध्ये राहतो. नोकरी सांभाळून रोज सकाळी खाडीकडच्या मैदानावर पोरांना पळायला शिकवतो. त्याचा जीव रिलेत. पळणं कोणालाही येतं, बॅटन देता-घेता आली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. घेणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही. हात मागे करायचा आणि देणाऱ्यावर सोडून द्यायचं. त्याचा सतरा वर्षांचा मुलगा त्याच्याच संघात तिसऱ्या टप्प्याला धावतो.

हा पुतण्या एका संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभा राहिला. मी बोंबील तळत होतो.

"काका, मला मुलगे आवडतात. मुली नाहीत."

एरवी माझ्या तोंडाला कुलूप नसतं. त्या दिवशी मी आधी करपत आलेले बोंबील उलटले. मग म्हटलं, "बरं. जेवून जाणार ना?"

तो जेवला. जेवताना बोलला. बापाच्या ओरडण्याची त्याला भीती नव्हती. "बाबा मला संघातून काढतील. बाकीच्या पोरांचे आईबाप काय म्हणतील म्हणून तरी काढतील." जिल्ह्याची निवड तोंडावर आली होती. ट्रॅकच्या बाहेर उभं राहून टाळ्या वाजवायच्या, या कल्पनेनेच तो भात नुसता चिवडत होता.

मग त्याने मोबाइलवर एक जर्मन सिनेमा दाखवला. "रिले धावणारा मुलगा आहे. तिसरा. तो चौथ्याच्या प्रेमात पडतो. हा लाव. रिले म्हटल्यावर बाबा येतीलच. मला त्यांचं तोंड बघायचंय. मग ठरवेन, सांगायचं की नाही."

"आणि हॉलमध्ये बसलेल्या आज्या?"

"त्यांचं काही नाही. पण काका, तू एक शब्द बदलायचा नाहीस."

आता मला सांगा, आचाऱ्याला मीठ घालू नको म्हटलं तर त्याने करायचं काय?

रविवारी भाऊ वेळेआधी येऊन दुसऱ्या रांगेत मधोमध बसला. मैदानावरच्या पोरांनाही घेऊन आला होता. ते मात्र आमच्या हिशेबात नव्हतं. पुतण्या माझ्याशेजारी, लॅपटॉप-प्रोजेक्टरच्या टेबलाशी. त्याचे गुडघे टेबलाखाली इतके हलत होते की पडद्यावरचं जर्मनी अधूनमधून थरथरत होतं.

पहिला अर्धा तास मी इमानदारीत बोललो. लोक चुळबुळ करायला लागले. "आज तब्येत बरी नाही का?" मागून एकाने विचारलं. भावाला मात्र फुकटची शिकवणी सापडली होती.

"बघा रे पोरांनो. तिसरा बॅटन सोडतच नाही. हात पोचलाय, तरी धरून ठेवलीय. का उशीर करतोय हा?"

पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. मी माईक घट्ट धरला. कारण का, ते पुढच्याच प्रसंगात होतं.

शर्यत हरलेली. कपडे बदलायच्या खोलीत दोघंच. चौथा चिडून विचारतो, तू बॅटन का धरून ठेवतोस? तिसरा बुटाच्या नाड्या सोडत राहतो, वर बघत नाही. माझ्यासमोर भावाचा उत्सुक, निर्धास्त चेहरा होता. कोचने सांगितलंय आधी ओरडायचं मग द्यायची, बूट चावतो, हाताला घाम येतो... तीन वाक्यं जिभेवर तयार होती, आणि तिन्हींवर हशा आला असता. मी वाचलं ते बोललो.

"मी उशीर करतो, कारण बॅटन दिली की तू निघून जातोस. माझं तुझ्यावर प्रेम आहे."

हॉल हशाने फुटला. पाठीमागचे लोक टाळ्या वाजवायला लागले. माझी गाडी एकदाची रुळावर आली, असं त्यांना वाटलं. सगळ्यात मोठ्याने हसला माझा भाऊ.

"अरे नाटक्या, पोरं बसलीत समोर. काहीही घालतोस."

"दादा, तो असंच म्हणाला."

अजून हशा. कोणीतरी म्हणालं, "देवाशपथ म्हण."

माझा हात सवयीने छातीकडे निघाला होता. तो खाली घेतला. शेजारी पुतण्याचे गुडघे थांबले होते. ज्या वाक्यासाठी त्याने एवढा घाट घातला, त्याचा विनोद झाला होता, आणि तो विनोद माझ्या कीर्तीने केला होता. मी पुढे होऊन सिनेमा थोडा मागे नेला, मूळ आवाज मोठा केला आणि माईक टेबलावर ठेवून दिला. माणसं जर्मनमध्ये बोलली. एक अक्षर कोणाला कळलं नाही. पण त्या मुलाचा चेहरा कळायला जर्मन लागत नव्हतं. हशा एकेका खुर्चीवरून उतरत गेला.

भावाचं हसू अर्धवट राहिलं होतं. "मग काय म्हणाला तो? नीट सांग."

मी उत्तर द्यायच्या आत पुतण्या उठून उभा राहिला.

"तेच म्हणाला, बाबा. काकाने काही घातलेलं नाही. मीच त्याला सांगितलं होतं, बदलू नको."

"तू का सांगितलंस? तुझा काय संबंध?"

"आहे संबंध."

मैदानावरची पोरं गुरूकडे बघत होती, गुरू मुलाकडे. शेवटी पुढच्या रांगेतल्या, माहेरच्या अर्नाळ्याच्या आजी वळल्या.

"लावा रे पुढे. त्या पोराला कवाचा बूट सोडून बसवून ठेवलाय. पुढं काय झालं, कलू दे."

मी पुढचं सगळं जसंच्या तसं सांगितलं. जर्मन कोचने त्या मुलाला संघातून काढलं, तेही मीच सांगितलं, भावाकडे न बघता. माझ्या मराठीत त्याला संघात परत घ्यायचा मोह झाला होता. घेतला नाही.

सिनेमा संपला, लोक कमी आवाजात पांगले. भावाने पोरांना घरी पाठवलं. एरवी माझ्या अंगावर टाकतो तो खुर्च्या आवरण्याचा उद्योग त्याने स्वतःच काढला. एकेक खुर्ची खाडकन मिटून आतल्या खोलीत रचत होता. पुतण्या भिंतीला लागून उभा.

"तो कोच मूर्ख आहे," भाऊ खुर्चीला म्हणाला. "एवढा चांगला तिसरा काढून त्याच्या जागी कोणाला घालणार?"

मग पुन्हा खाडकन.

"माझ्या आधी ह्या नाटक्याला सांगितलंस?"

"तालीम केली," पुतण्या म्हणाला.

"तालमीला हाच मिळाला?"

मला यावर फार सुंदर उत्तर सुचलं होतं. गिळलं.

भाऊ खोलीच्या दारात पाठमोरा उभा होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही. मागे पाहून बोलावं, एवढं अजून त्याला जमणार नव्हतं, हे पाठीवरूनही दिसत होतं. पण त्याने उजवा हात मागे केला, तळवा उघडा.

"दे."

पुतण्याने जवळची खुर्ची मिटली आणि त्याच्या हातात दिली. अजिबात उशीर न करता.