एक चिंचोका जास्त

"पहिले तारीख, मंग रडगाणं."

जालन्याच्या कचेरीबाहेर कडुलिंबाखाली बसणारे आमचे मुन्शीजी प्रत्येकाला हेच ऐकवायचे. माणूस रडत आलेला असो की भांडत, ते आधी टाकाचं टोक टोपीच्या कडेला पुसत, कोऱ्या कागदावर वळणदार तारीख घालत आणि मगच मान वर करत. टोपीची उजवी कड त्यामुळे कायम निळी.

असे अर्जनवीस तुम्हीही पाहिले असतील. निजामाच्या अमलात उर्दूत अर्ज लिहिले, तो अमल गेल्यावर मराठीत लिहायला लागले. पण यांची एक रीत निराळी होती. वाचता न येणाऱ्याला ते अपिलाची मुदत चिंचोक्यांत मोजून देत. तीस दिवसांचे तीस, निकालाची नकल द्यायला कचेरीने जितके दिवस खाल्ले तितके वर, आणि निकालापासून उलटून गेलेल्या दिवसांचे काढून. चिंधीत गाठ मारून सांगायचे, "रोज सकाळी एक फेका. चिंधी रिकामी व्हायच्या आत या."

धावडा गावची एक विधवा अशीच चिंधी घेऊन गेली होती. सामाईक विहिरीवरची तिची पाण्याची पाळी दिराने बंद केली होती आणि खालच्या कोर्टाने दिराचंच खरं धरलं होतं. तिची मोसंबीची अकरा झाडं त्या पाण्यावर होती. दोन चिंचोके उरले असताना ती आली. मुन्शीजींनी अपील लिहिलं आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी ते औरंगाबादच्या कोर्टात दाखल झालं.

दिराचा वकील उभा राहिला. म्हणाला, अपील एक दिवस उशिरा आलं आहे, ऐकूच नये. झालं. विहीर राहिली बाजूला आणि त्या एका दिवसावर अडीच वर्षं तारखा पडल्या.

मुन्शीजी पुन्हा पुन्हा मोजायचे. दर खेपेला बरोबर यायचं, तरी म्हणायचे, "वकील येवढा शिकलेला माणूस, खोटं कशाला बोलंल? माझाच एक चिंचोका जास्त पडला असंल." दर तारखेला बाईच्या गाडीचं तिकीट तेच काढत. बाई त्यांच्यासाठी भाकरी बांधून आणायची आणि टोमणा मारायची, "मुन्शीबाबा, कोर्टात बसून बसून मला तुमच्याहून जास्त कायदा यायला लागला." ते हसायचे, पण भाकरी निम्मी उरायची.

मी तेव्हा पत्रकं छापत हिंडत होतो. 'जुन्या अर्जनविसांच्या गलथानपणाने विधवेचं पाणी तोडलं' असं मोठ्या टायपात छापलं. कुणाला विचारलं नाही. नाव घातलं नव्हतं, पण कडुलिंबाखाली दुसरं होतं कोण? मुन्शीजींनी ते सावकाश वाचलं, माझ्याकडून आणखी दहा प्रती मागून घेतल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःच्या हातांनी वाटल्या. "लोकायला कळलं पायजे, भाऊ," म्हणाले.

मग एका तारखेला तोच वकील उठला आणि म्हणाला, आक्षेप मागे घेतो. कारण दिलं नाही, कुणी विचारलंही नाही. जज्जसाहेबांनी आक्षेपाच्या खर्चापोटी दिराने बाईला अठरा रुपये द्यावेत असं लिहिलं आणि पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं.

मागच्या बाकावरून मुन्शीजी हात जोडून उभे राहिले. "साहेब, पर उशीर झाल्ता का न्हाई?"

"तो प्रश्न आता उरत नाही," साहेब म्हणाले. शिपायाने त्यांना खाली बसवलं.

पुढे अपिलात बाईला पाळी मिळाली. पाळी मिळाली तेव्हा झाडं नव्हती. खर्चाचे अठरा रुपये तिने मुन्शीजींच्या बैठकीवर आणून ठेवले. त्यांनी परत सरकवले.

"हे तुमच्या झाडाचे हायेत, बाई."

"झाडं जळाली, मुन्शीबाबा. हे तुमच्या तिकिटाचे."

दोघांपैकी कुणी उचलेना. शेवटी कागद उडू नयेत म्हणून ठेवलेल्या दगडाखाली ते तसेच राहिले.

त्याच सुमारास वकिलाच्या कारकुनाने मला चहा पिता पिता सहज सांगितलं की नकलेत गेलेल्या दिवसांतला एक त्यांनी मुद्दामच धरला नव्हता. वेळ काढायला असा आक्षेप बरा पडतो, म्हणाला. मी कप तसाच टाकून कडुलिंबाकडे पळालो.

मुन्शीजींनी सगळं ऐकून घेतलं. "लिहून दिलं का त्यानं?"

"नाही. तोंडी बोलला."

"मंग न्हाई." त्यांनी टाक टोपीला पुसला. "तुम्ही छापल्तं ना, भाऊ? मंग तुम्हीच छापा."

छापतो म्हणालो. पण त्या महिन्यात सभा होत्या, पुढच्या महिन्यात मोर्चा होता. चूक दुसऱ्याची असली की मला एका दिवसात पत्रक लिहिता यायचं.

पावसाळा संपता संपता मुन्शीजी गेले. त्यांच्या पुतण्याने पेटी माझ्यापुढे उघडली. आत एक चिंधी होती, माझं पत्रक होतं आणि जज्जसाहेबांच्या नावाने लिहायला घेतलेला एक अर्ज. वर वळणदार अक्षरात तारीख घातली होती. खाली कागद कोरा.

त्या तारखेखाली आज मी लिहितो आहे. अपील मुदतीत होतं. चिंचोके बरोबर होते.