पुण्यातली चार वर्षं

आमचा घटस्फोट भांडणतंट्याविना व्हायचा होता. गाडी, भांडी, मुलीच्या शिक्षणाचे पैसे, सगळं दोन फोनमध्ये मिटलं. राहिली पेन्शन. लग्नाच्या काळात दोघांनी जमवलेली पेन्शन जर्मनीत कोर्ट स्वतःच अर्धी-अर्धी करतं. त्याला फेअरझोर्गुंग्सआउसग्लाइश म्हणतात. मी नेकारसुल्ममध्ये सव्वीस वर्षं इंजिनियर, आणि हिने शेवटची काही वर्षं एका किंडरगार्टनच्या स्वयंपाकघरात काम केलेलं. तेव्हा जास्त कुणाचं जाणार हे उघड होतं.

मला राग आला. आयत्या बिळावर नागोबा, असं मी पुण्याच्या बहिणीला फोनवर म्हणालोसुद्धा. गॅसवर दूध आहे म्हणून तिने फोन ठेवला.

माझ्या वकीलबाईंनी विचारलं, लग्नानंतर कधी बराच काळ वेगळे राहिलात का? म्हटलं, चार वर्षं ही पुण्याला होती. बाई खूश झाल्या. एवढा काळ वेगळं राहणं झालं असेल तर ती वर्षं वाटणीतून वगळा, अशी मागणी करता येते म्हणाल्या. ही तिकडे का होती ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही मूग गिळून बसलो. सही करून घरी आलो. घर म्हणजे आता एक खोली आणि एक खुर्ची. दुसरी खुर्ची घ्यायचं कारणच पडलं नव्हतं.

महिन्याभराने पेन्शन ऑफिसकडून हिच्या नोंदींची प्रत मलाही आली. त्या चार वर्षांसमोर काहीच नव्हतं. भारतात केलेली सेवाशुश्रूषा इथे धरत नाहीत.

पुण्यात माझ्या आईला अर्धांगवायू झाला तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. तिला घेऊन ही दोन-तीन महिन्यांसाठी म्हणून गेली. आई हिच्याखेरीज कुणाच्या हातून घास घेईना. डायपर, मालिश, रात्रीची जागरणं, सगळं हिने केलं. मी दर नाताळात तीन आठवडे जायचो, चॉकलेटं वाटायचो आणि परत यायचो. मला हे सगळं ठाऊक होतं. तरीही ती प्रत मी घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकली आणि वकीलबाईंना फोन केला नाही. शरम वाटत होती, पण पेन्शनही हवी होती.

हाइलब्रॉनच्या कोर्टात वर्षभराने आम्ही समोरासमोर आलो. हिचे केस पांढरे झाले होते. न्यायाधीशबाईंनी कागद चाळून हिला विचारलं, ही चार वर्षं तुम्ही भारतात का होतात? हिचं जर्मन माझ्याइतकं सफाईदार नसलं तरी एवढं सांगण्यापुरतं नक्की होतं. पण ती म्हणाली, "ते त्यांना माहीत आहे. त्यांना विचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वकीलबाईंनी टेबलाखालून माझी बाही ओढली.

"माझी आई अंथरुणाला खिळली होती," मी म्हणालो. "तिचं सगळं हिने केलं. मी इथे नोकरी करत होतो. आम्ही वेगळे झालो नव्हतो."

"म्हणजे मागणी मागे घेताय?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

पुढे दहा मिनिटांत सगळं आटोपलं. ती वर्षं वाटणीत धरली गेली आणि घटस्फोटही झाला.

बाहेर कॉरिडॉरमध्ये ही गळ्याभोवती मफलर गुंडाळत होती. मी जवळ गेलो. खरं सांगायचं तर, ती काहीतरी बरं बोलेल अशी माझी अपेक्षा होती. आपण फार मोठेपणा दाखवला असं मला वाटत होतं.

"आई गेल्या तेव्हा तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं," ती म्हणाली. "तुम्हीही होतात. त्यातल्या एकासमोर जरी हे बोलला असतात ना, तर आज आपण इथे नसतो."

आवाजात राग नव्हता.

ती ट्रामच्या स्टॉपकडे चालत गेली. माझीही ट्राम तीच होती. मी पुढची घेतली.